मेमोरियल राईड काढायचीये, फॉर्मेशनबद्दल मदत हवी आहे

मंडळी, आमच्या बाईक ग्रुपमधले जे रायडर अपघातात गेले त्यांच्या आठवणीत राईड काढायचं ठरतंय, नोव्हेंबरचा तिसरा रविवार धरलाय कारण रस्ते अपघातातल्या बळींचा जागतिक स्मृतिदिन तेव्हाच असतो, युनोने २००५ साली तो मान्य केलाय.

अडलंय फॉर्मेशनवर. पुढे लीडरच्या शेजारची जागा रिकामी ठेवायची, ते मिसिंग मॅन सगळ्यांनाच हवंय, पण बाकीचे स्टॅगर्डमध्ये चालणार, म्हणजे दोन रांगांत एक डावीकडे एक उजवीकडे असे तिरके, आपल्याच रांगेतल्या पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंद आणि तिरक्या गाडीपासून एक, मग वळणांवर एकेरी लाईन केली की ती रिकामी जागा दाखवायची कशी? की सुरुवातीच्या सरळ पट्ट्यापुरतंच ठेवून पुढे सोडून द्यायचं? मला तरी हेच बरं वाटतं, श्रद्धांजलीच्या नादात अजून कोणी आपटायला नको.

दुसरं, काहीजण सिग्नलला गाड्या आडव्या लावून ट्रॅफिक अडवू म्हणतायत. पोलीस परवानगीशिवाय ते होणार नाही हे मी सांगून टाकलंय (थोडी वादावादी पण झाली, असो). त्यापेक्षा छोटे छोटे गट करून प्रत्येकाला वेगळा लीड (सगळ्यात पुढचा) आणि स्वीप (सगळ्यात मागे राहणारा) दिला तर जमतं का, की मग राईड तुकड्या तुकड्यात दिसते?

आणि गेलेल्यांच्या घरचे पण येणारेत. त्यांना सोबत कारमधून न्यायचं की थेट शेवटच्या ठिकाणीच बोलवायचं? शेवटी सगळ्यांनी एकदम रेस द्यायची प्रथा असते पण घरच्यांना तो आवाज सहन होईल का कळत नाही. ज्यांनी अशी राईड केलीये त्यांनी प्लीज सांगा.