मदत हवी आहे : काजूच्या बागेतून आल्यावर बाबांना ताप, माकडताप असेल का?

बाबा ६२ वर्षांचे, गाव दोडामार्ग तालुक्यात. काजूचा हंगाम असल्यामुळे रोज सकाळी बिया वेचायला बागेत जातात. शुक्रवारी संध्याकाळी एकदम हुडहुडी भरून ताप आला, तो १०३ च्या खाली येत नाहीये. डोकं आणि कंबर प्रचंड दुखतेय, डोळे लाल, आज दोनदा उलटी. मलेरिया, डेंग्यू दोन्ही निगेटिव्ह. प्लेटलेट ८५ हजार. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, दोन दिवस बघू.

आज आई फोनवर सहज बोलून गेली, की आठवड्यापूर्वी बागेच्या वरच्या अंगाला माकड मरून पडलं होतं. आणि बाबांच्या मांडीवरून तिने गोचिडीची पिल्लं काढली, तिळाहून बारीक. तिला आधी मळच वाटला! डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. माकडताप गोचिडीच्या चाव्यातून पसरतो आणि त्यात माकडंही मरतात, म्हणून २०१६ ची आमच्याकडची साथ आठवून माझे हातपाय गळालेत. मी ठाण्याला आहे, रात्रीच्या गाडीने निघतेय. कोणती तपासणी करायला सांगू? आईला बाधा होईल का?

प्रतिसाद १
ताई, मी कोकणात सरकारी दवाखान्यात काम केलंय. उद्यावर टाकू नका, आजच सरकारी रुग्णालयात न्या. मेलेलं माकड आणि गोचीड, या दोन गोष्टी दारातच सांगा. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्ताची आरटी-पीसीआर (थेट विषाणू शोधणारी तपासणी) करतात, नंतर आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी). नमुना तेच पाठवतील.

माकडतापावर नेमकं औषध नाही. सलाईन, प्लेटलेट आणि रक्तस्रावावर लक्ष, हेच उपचार. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. गोचिडीमुळे टिक टायफस हा जिवाणूंचा तापही होतो, त्यात तळहात-तळपायांवरही पुरळ येऊ शकतं. त्यावर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं आणि संशय असेल तर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. डॉक्टरांना तेही विचारा.

माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही, आईंना जवळ बसू दे. पण ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. काहींना आठवडा-दोन आठवड्यांनी तो उलटतो, तेव्हा मान आखडणं, बरळणं, हात थरथरणं दिसतं. आणि पातेरा (वाळलेला पालापाचोळा) गोळा करायला सध्या कुणी जाऊ नका.

धागाकर्ती
खूप खूप आभार. आई कालपासून घरातली अंगदुखीची गोळी देत होती, आयब्युप्रोफेनच निघाली. बंद करायला लावली. शेजारचा दादा गाडी काढतोय.