मदत हवी आहे: अर्धशिशी आहे, गोळ्या कमी करायच्या आहेत

नमस्कार मंडळी. वय 38, गेली 11 वर्षं अर्धशिशीचा त्रास आहे. आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात, वीसेक मिनिटांत उजवं कानशील ठणकायला लागतं, मग उलट्या. परवा कुकरची शिट्टीसुद्धा सहन होईना. मुलीने गॅस बंद केला, पडदे ओढले आणि माझ्या कपाळावर ओला पंचा ठेवून गुपचूप शेजारी बसून राहिली. तिचा चेहरा बघून फार वाईट वाटलं.

डॉक्टर म्हणाले, साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातले 15 दिवस किंवा जास्त घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. माझं तेच झालंय. रोज वहीत लिहिल्यावर कळलं की उपवास, दुपारचं ऊन आणि जागरण या तिन्हींनी डोकं उठतं. संकष्टीला तर हमखास. आता उपवास बंद केलेत, झोपेची वेळ पाळते, थोडा फरक आहे.

पण पाळीच्या आधीचे दोन दिवस सगळं पाळूनही दुखतंच. तेव्हा तुम्ही काय करता? मॅग्नेशियम किंवा प्राणायामाने कुणाला खरंच फरक पडला का, आणि किती दिवसांनी? कृपया स्वतःचा अनुभव असेल तरच सांगा.