दीड लाख मैल चाललेली टाहो गाडी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये राहतो आणि १,५०,००० मैल चाललेली, २०१२ची शेव्हरले टाहो घेण्याच्या विचारात आहोत. दुरुस्तीचा खर्च कुठे वाढू शकतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : तिच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनात हलक्या भारावर आठपैकी चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा आहे. तिचे लिफ्टर (इंजिनाच्या झडपा उघडणारे छोटे भाग) बिघडले, तर त्यांना ढकलणाऱ्या फिरत्या दांड्याची, म्हणजे कॅमशाफ्टचीही झीज होऊ शकते आणि लिफ्टर बदलण्यासाठी सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागत असल्याने सुट्या भागांपेक्षा मजुरीच जड जाते. इंजिन थंड असताना सुरू करून टकटक येते का, ते नीट ऐकावे.

उत्तर २ : गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची पावती मागावी, ती नसेल, तर माझ्या मते ही गाडी सोडून द्यावी.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. पावत्या आजच मागवतो.