मदत हवी आहे: बॅटरीच्या डान्स फेस्टिव्हलची तिकिटं कुठे मिळतात?? (अर्जंट)

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. येत्या शुक्रवारी आई-बाबांना बॅटरीच्या डान्स फेस्टिव्हलला न्यायचंय. त्यांची साईट अख्खी पालथी घातली, तिकिटाचं बटण कुठेच नाही, नुसतं फ्री फ्री लिहिलंय, पण फ्री असलं तरी पास वगैरे काहीतरी असेलच ना, आपल्याकडे फुकट कार्यक्रमालाही आदल्या दिवशी जाऊन पास आणावेच लागतात. मला पुढच्या रांगेतल्या ४ सीट हव्यात, कडेच्या. एक मैत्रीण म्हणते वॅगनर पार्कला असतं, साईटवर भलतंच पार्क दाखवतंय. नक्की कुठे? गाडीने जाणार आहोत. लवकर सांगा आणि प्लीज 'गुगल कर' म्हणू नका, करून झालंय.

पेठेतला
बॅटरी म्हणजे? इन्व्हर्टरची? गाव कुठलं, देश कुठला, फेस्टिव्हल कसला, काहीतरी लिहा की. धागा काढायचा म्हणून काढलाय असं वाटतंय.

घाईत_आहे
न्यूयॉर्क हो! बॅटरी अजून कुठे असते?

पेठेतला
आमच्याकडे टॉर्चमध्ये असते.

जुनाजाणता
पेठेतल्यांकडे लक्ष देऊ नका. हा न्यूयॉर्कमधला सगळ्यात जुना चालू असलेला मोफत सार्वजनिक नृत्यमहोत्सव आहे, १९८२ पासून दर उन्हाळ्यात भरतो. आधी त्याला डाउनटाउन डान्स फेस्टिव्हल म्हणायचे. बॅटरी डान्स ही कंपनी तो भरवते, तिचा संस्थापक जोनाथन हॉलंडर, १९७६ ची कंपनी. हा माणूस विद्यार्थी असताना मुंबईत राहून गेलेला आहे, तेव्हापासून भारताशी त्याचा संबंध, म्हणून १५ ऑगस्टची संध्याकाळ खास भारतीय नृत्याची ठेवतात. तुम्ही शुक्रवार म्हणताय म्हणजे तोच दिवस. तिकीट नाही, पास नाही, सीट नंबर नाही. सरळ वॅगनर पार्कला जा, साउथ फेरी स्टेशनला उतरायचं, समोर पाणी, मागे लिबर्टीचा पुतळा, त्या जागेची सर कशालाच नाही.

हडसनकाठी
काका माहिती छान दिलीत पण पत्ता जुना. वॅगनर पार्क २०२३ मध्ये बंद झालं. २०१२ च्या सँडी वादळात खालच्या मॅनहॅटनमध्ये पाणी शिरलं होतं ना, ते पुन्हा होऊ नये म्हणून अख्खं पार्क खणून उंच करायचं काम निघालं, झाडं तोडली म्हणून इथल्या लोकांनी आरडाओरडाही भरपूर केला. तेव्हापासून फेस्टिव्हल रॉकफेलर पार्कला होतोय. तेही बॅटरी पार्क सिटीतच, पण उत्तर टोकाला, चेंबर्स स्ट्रीटच्या बाजूला. साउथ फेरीला उतरलात तर आई-बाबांना मैलभर चालवाल.

जुनाजाणता
वॅगनर उघडलं की आता! मागच्याच महिन्यात, जुलै २०२५ ला. म्हणजे परत तिकडेच नेणार, साधी गोष्ट आहे.

हडसनकाठी
उघडलं हे खरं, पण २०२५ चा कार्यक्रम रॉकफेलर पार्कलाच आहे, १२ ते १६ ऑगस्ट, रोज संध्याकाळी ७ ला. धागाकर्तीला साईटवर जे 'भलतंच पार्क' दिसतंय तेच बरोबर आहे.

जुनाजाणता
जागा तीच चांगली होती.

घाईत_आहे
बरं, रॉकफेलर. पण सीट कशा अडवायच्या ते कोणीच सांगितलं नाही. पुढच्याच हव्यात मला.

शिकागोचा_पाहुणा
अहो न्यूयॉर्कपेक्षा शिकागोला या. आमचं समरडान्स बघा, तेही फुकट, ग्रँट पार्कात. आधी तासभर शिकवतात, एक दिवस साल्सा, एक दिवस स्विंग, मग लाइव्ह बँड सुरू झाला की सगळे नाचतात, सत्तरीचे आजोबासुद्धा. नुसतं बसून बघण्यात काय मजा? माझ्या सासूबाई नऊवारी नेसून नाचल्या होत्या तिथे.

घाईत_आहे
आम्हाला नाचायचं नाहीये, बघायचंय. आणि शुक्रवारी संध्याकाळी मी शिकागोला कशी जाऊ?

हडसनकाठी
सीट हा प्रकारच नाही तिथे. हिरवळ आहे, चादर टाकायची आणि बसायचं, नाट्यगृह नाहीये ते. पुढे बसायचं असेल तर सहाच्या आत पोचा.

घाईत_आहे
खाली?? आई खाली बसू शकत नाही.

मेट्रोपार्क_माउली
हे आधी सांगायचं ना बाई. गुडघे का? ऑपरेशन झालंय का? चालता किती येतं? काठी आहे का व्हीलचेअर?

घाईत_आहे
सत्तरीच्या पुढच्या बाईचे गुडघे दुखतात ही काय धाग्यात लिहायची गोष्ट आहे का. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. काठी घेऊन सावकाश चालते, जिने नको. बाबा ठणठणीत आहेत, फक्त जेवण वेळेवर लागतं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघणार आम्ही.

विमावाला
पालक व्हिजिटर व्हिसावर आहेत का? इन्शुरन्स घेतलाय का? गुडघा प्री-एग्झिस्टिंग (आधीपासूनचा आजार) धरतात, फॉर्म भरताना नीट वाचा नाहीतर क्लेम अडकतो. माहिती हवी असल्यास निरोप पाठवा.

संपादक
विमावाला, जाहिरात नको. दुसऱ्यांदा सांगतोय.

होल्सेल_ड्रायव्हर
एडिसनहून गाडीने जात असाल तर विसरा. हॉलंड टनेलचा टोल, त्याच्यावर आता जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली शिरलात की कंजेशनचे, म्हणजे गर्दीच्या भागात गाडी आणल्याचे, ९ डॉलर, त्याच्यावर पार्किंग. फुकटचा फेस्टिव्हल बघायला माणूस शंभरेक डॉलर उडवून येतो. आमच्या ओळखीतल्यांना तर वर पार्किंगचं चलानही मिळालं.

हडसनकाठी
पूर्ण ९ नाही पडत. ई-झेडपास (गाडीला लावायचा टोलचा टॅग) असेल आणि हॉलंडमधून आलात तर ३ वजा होतात, ६ पडतात. वीकडेला रात्री ९ पर्यंत पीक, म्हणजे गर्दीची वेळ, धरतात, म्हणून शुक्रवारी ६ पडणारच. बाकी तुमचं बरोबर.

होल्सेल_ड्रायव्हर
सहा काय नि नऊ काय, द्यायचे कशाला? हॅरिसनला गाडी लावा, तिथून पाथ (न्यू जर्सी-मॅनहॅटन लोकल) थेट वर्ल्ड ट्रेड सेंटर. नवीन स्टेशन आहे, लिफ्ट आहे. मी सिटीत जायचं झालं की असंच करतो, दुसऱ्या कशाचा विचारच करत नाही.

मेट्रोपार्क_माउली
हॅरिसनला त्या दिवशी रेड बुल्सची फुटबॉल मॅच असली तर पार्किंगवाले दुप्पट घेतात, ते बघून ठेवा. माझं ऐक बाई, मेट्रोपार्कला गाडी लाव, एडिसन स्टेशनला नको, मेट्रोपार्कचा प्लॅटफॉर्म डब्याच्या लेव्हलला आहे, आईला पायरी चढावी लागणार नाही. न्यूअर्क पेनला उतरून पाथ बदलायची, शेवटचं स्टेशन वर्ल्ड ट्रेड. फक्त अशी ट्रेन बघ जी न्यूअर्क पेनला थांबते, आणि तिथे लिफ्ट शोधायला दहा मिनिटं हाताशी ठेव.

होल्सेल_ड्रायव्हर
म्हणजे सत्तरीच्या बाईला दोन गाड्या बदलायला लावणार? हॅरिसनहून एकच.

मेट्रोपार्क_माउली
आणि हॅरिसनपर्यंत शुक्रवारी पाचला टर्नपाइकवर, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये, कोण बसणार? तुम्ही?

हडसनकाठी
दोन्ही चालेल, भांडू नका. खरा प्रश्न पुढचा आहे. वर्ल्ड ट्रेडला उतरलात की वर रस्त्यावर येऊ नका. खालूनच ब्रुकफील्ड प्लेसकडे जाणारा रुंद पांढरा पॅसेज आहे, एसी आहे, वेस्ट स्ट्रीटची सहा लेनची गाड्यांची नदी वरच्यावर टळते. ब्रुकफील्डमध्ये आत पामची झाडं लावलेला उंच काचेचा हॉल आहे तिथे आईला थोडं बसवा, स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्या, पुढे रांगा असतात. मग नदीच्या बाजूने बाहेर पडून उजवीकडे वळायचं, फेरीचा धक्का गेला की आयरिश हंगर मेमोरियल, त्याच्यापुढे पार्क. रस्ता सपाट आहे, जिना नाही. आमच्या चालीने दहा-बारा मिनिटं, आईच्या चालीने पंचवीस धरा. वाटेत बाकं आहेत.

घाईत_आहे
हे खूपच उपयोगी. म्हणजे पाचच्या आत निघायला हवं. खुर्चीचं काय पण?

हडसनकाठी
घरून फोल्डिंग खुर्ची न्या, बुटकी लॉनवाली नाही, जरा उंच, नाहीतर आईला उठताच येणार नाही. पण खुर्ची घेऊन हिरवळीच्या मधोमध पुढे बसलात तर मागचे चादरवाले ओरडतील आणि त्यांचं बरोबरच असेल. कडेला लावा, फरसबंद वाट आणि हिरवळ जिथे भेटते तिथे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उन्हाची टोपी. प्रेक्षकांचं तोंड पश्चिमेला, नदीकडे. ७ ला सुरू होतं आणि सूर्य मावळतो आठला पाच-सहा मिनिटं कमी असताना, म्हणजे पहिला पाऊण तास ऊन सरळ डोळ्यात. फोटो झकास येतात पण नर्तकीचा चेहरा काळा दिसतो, नंतर मात्र बघण्यासारखं दिसतं.

तिहाई
थोडं वेगळं मत. शुक्रवारीच का? १५ ऑगस्टला गर्दी असते ती बरीचशी आपल्याच लोकांची, आणि आपले लोक बघायला कमी नि भेटायला जास्त येतात, मागे गप्पा चालू आणि पुढे वर्णम (भरतनाट्यममधली मोठी रचना) चालू. या फेस्टिव्हलची खरी गंमत बाकीच्या दिवशी आहे. एका संध्याकाळी चार-पाच वेगवेगळ्या कंपन्या, कोणी बॅले, कोणी मॉडर्न, कोणी परदेशातून आलेले, प्रत्येकाचा तुकडा छोटा, एक नाही आवडलं तर पुढचं आवडतं. भरतनाट्यम काय, आई-बाबा पुण्या-मुंबईत रोज बघू शकतात.

घाईत_आहे
आई रोज वगैरे बघत नाही, ती स्वतः पुण्यात कथक शिकलेली आहे, लग्नाआधी. म्हणून तर पुढची जागा मागत होते, तिला पाय बघायचे असतात. मधे डोकी आली की ती चिडते.

पेठेतला
अरे हे आधी बोला की! पुण्यात कथक म्हणजे रोहिणीताई भाट्यांच्या नृत्यभारतीत का? १९४७ ची संस्था ती. त्या काळी पुण्यातल्या मध्यमवर्गी घरातल्या मुलींनी घुंगरू बांधायचे म्हणजे चेष्टा नव्हती, त्याच पुण्यात त्यांनी दोन-तीन पिढ्या उभ्या केल्या. आईसाहेबांना नमस्कार सांगा.

घाईत_आहे
त्यांच्याकडे नाही, त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे. सांगते नमस्कार.

तिहाई
मग मी माझं म्हणणं मागे घेणार नाही, पण थोडं बदलते. पाय बघायचे असतील तर कडेचीच जागा चांगली, फक्त स्टेजच्या अगदी जवळची. ततकार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, समोरून बघण्यापेक्षा तिरक्या कोनातून जास्त कळते, टाच कधी उचलली ते दिसतं. पण उघड्यावर घुंगरांचा आवाज माइकशिवाय पोचत नाही, त्यात हडसनवरून हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात, बारीक नादाची अपेक्षा ठेवू नका. आणि त्या संध्याकाळी कथक आहेच का, ते कार्यक्रमपत्रिकेत बघून घ्या, भारतीय म्हटलं की भरतनाट्यमच जास्त असतं हा इथला जुना रिवाज आहे. जाता जाता, न्यू जर्सीत ८ वर्षांच्या मुलीसाठी चांगला कथक क्लास कोणी सुचवेल का? बॉलीवूड मिसळणारा नको.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
फुकट आहे म्हणजे कलाकारांना काही मिळतं की नाही? का 'एक्स्पोजर'वर नाचवतात? आपल्याकडे गणपतीत अशीच कलाकारांची बोळवण होते, नारळ आणि शाल.

जुनाजाणता
शहराचं सांस्कृतिक खातं, राज्याची कला परिषद आणि देणगीदार मिळून अशी कामं चालवतात. बघणाऱ्याला फुकट म्हणजे कोणीच पैसे भरत नाही असं नव्हे.

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री
ते कळलं, पण नाचणाऱ्याच्या हातात किती पडतात ते विचारलं.

तिहाई
इथल्या कलाकारांसाठी घाट्याचा सौदा असतो बहुतेक वेळा. पोशाख, म्युझिक, तालमीच्या हॉलचं भाडं, चार तासांच्या तालमीला स्टुडिओवाला किती घेतो ते विचारा. तरीही लोक जातात, कारण इतके प्रेक्षक एरवी शास्त्रीय नृत्याला बसत नाहीत. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

ओकट्री_बॉय
एवढी यातायात कशाला, रविवारी मॅनहॅटनमध्येच मॅडिसन अव्हेन्यूवर इंडिया डे परेड आहे ना. चित्ररथ, ढोलताशा, सिनेमावाले येतात, खायला मिळतं. डान्स पण असतो ट्रकवर.

घाईत_आहे
ट्रकवरचा डान्स बघायला आईला न्यूयॉर्कला आणलेलं नाही.

ओकट्री_बॉय
बरं बाई, राहिलं.

शिकागोचा_पाहुणा
पाऊस पडला तर काय करणार? शिकागोत तर

मेट्रोपार्क_माउली
शिकागो पुरे हो. पण पावसाचा मुद्दा बरोबर आहे. ओल्या स्टेजवर अनवाणी पाय घसरतात, त्यामुळे रद्द करतात किंवा थांबवतात. दुपारी तीन-चारला त्यांचं फेसबुक-इन्स्टा बघून मगच घरून निघा. आणि अगदीच जमलं नाही तर यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात, घरी टीव्हीला लावा, आईला पायही दिसतील आणि सोफाही मिळेल.

घाईत_आहे
हे शेवटचं आईला वाचून दाखवलं तर ती जाणारच नाही, त्यामुळे दाखवत नाही. ठरलं: मेट्रोपार्क, न्यूअर्क, पाथ, खालच्या पॅसेजने ब्रुकफील्ड, खुर्च्या दोन, कडेला. आता एकच, बाबांना साडेआठला जेवण लागतं. तिथे हिरवळीवर डबा चालतो का, आणि शाकाहारी काय मिळतं?

हडसनकाठी
डबा खुशाल न्या, सगळेच पिकनिक करतात. काचेच्या बाटल्या नकोत.

मेट्रोपार्क_माउली
मेथीचे ठेपले आणि दही नको, दही उन्हात आंबतं. दशम्या ने, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. पाणी भरपूर. आणि मला निरोप टाक, माझ्याकडे उंच फोल्डिंग खुर्ची आहे, खांद्यावर अडकवायच्या पिशवीतली. आम्ही मेट्रोपार्कपासून पाचच मिनिटांवर राहतो, गुरुवारी घेऊन जा.

तिहाई
कथक क्लासचं कोणी सांगितलंच नाही.

पेठेतला
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि गाव लिहा.