सिकलसेल आणि क्रिस्पर, भाच्यासाठी विचारतोय

वैनगंगाकाठ: भाचा १४ वर्षांचा, सिकलसेल हा रक्ताचा आजार, एसएस पॅटर्न म्हणजे आईबाप दोघांकडून बिघडलेला जीन आलाय. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे तरी थंडीत क्रायसिस, म्हणजे जबरी दुखण्याचा झटका, येतोच, पोरगं रात्रभर कण्हत असतं. ग्रुपवर कोणीतरी टाकलंय की क्रिस्पर नावाच्या तंत्राने जीन बदलून सिकलसेल कायमचा बरा होतो. खरं आहे का? आणि ताई विचारते, हे केलं की पुढे त्याच्या मुलांनाही होणार नाही ना?

लॅबवाला: भाऊ, फॉरवर्डवाल्याने अर्धंच सांगितलं. कॅसगेव्ही नावाची ट्रीटमेंट आहे, २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनने मग अमेरिकेने मंजूर केली, १२ वर्षांपासून पुढे. पेशंटच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढून लॅबमध्ये बीसीएल११ए ह्या जीनचा स्विच मोडतात, सिकलचा बिघाड तसाच राहतो पण गर्भात असताना जे हिमोग्लोबिन बनतं ते परत बनायला लागतं, मग रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. मुलांचं म्हणाल तर नाही, बीजपेशींना, म्हणजे ज्यातून मूल होतं त्या पेशींना, हातच लावलेला नसतो. बायको एए, म्हणजे सिकलचा जीन नसलेली असली तर सगळी मुलं वाहक, एएस, म्हणजे एक सिकल जीन असलेली वाहक असली तर प्रत्येक वेळी निम्मा चान्स एसएसचा. लग्नाआधी तपासणी करावीच लागणार.

शेवंता: पेशी परत सोडायच्या आधी बुसल्फानची जबरी केमो देतात हे पण सांगा ना, त्यात पुढे मूल न होण्याचा धोका असतो, १४ वर्षांच्या पोराच्या वतीने हे ठरवायचं कोणी? आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर!! गडचिरोली नंदुरबारच्या आदिवासी पोरांना काय उपयोग.

पक्या: मग गर्भातच दुरुस्त करून टाका की, कटकटच संपली

शेवंता: चीनमध्ये ‘हे जियानक्वी’ नावाच्या शास्त्रज्ञाने तेच केलं २०१८ ला, एचआयव्ही होऊ नये म्हणून जुळ्या मुलींचे जीन बदलले, ३ वर्षं तुरुंगात गेला. चूक झाली तर ती पिढ्यान्पिढ्या जाते आणि त्या पोरींना विचारलं कोणी होतं? आपल्याकडेही बंदीच आहे.

लॅबवाला: किमतीचं बरोबर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत सिकलसेलसाठीच देशी क्रिस्पर बनवतायत, पुण्याची लस बनवणारी सीरम कंपनीही सोबत आहे, पण त्यावर आज विसंबू नका. वैनगंगाकाठ, भाच्याला सख्खं भावंडं आहे का? बोनमॅरो जुळला तर ट्रान्सप्लांट आजही होतो, केमो तिथेही आहेच.

वैनगंगाकाठ: धाकटी बहीण आहे, पण ती एएस. चालते का?

लॅबवाला: एएस चालते. दोघांची एचएलए टेस्ट, म्हणजे बोनमॅरो जुळतो का ते बघायची तपासणी, करून घ्या आणि हायड्रॉक्सीयुरिया स्वतःहून बंद करू नका.