९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी दुप्पट पडायल्यात, हिशोब कुठं चुकतोय?

मार्कंडेय_काठ (बेळगाव):
हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या कर्करोगाच्या पेशी), वेलमागे ५,००० हव्यात, १०० मायक्रोलिटरमध्ये. सस्पेन्शन (पेशी मिसळलेला द्रव) ५० मायक्रोलिटर, त्यात तेवढंच ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग). न्यूबॉर चेंबरच्या (पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांत जिवंत पेशी ४२, ३८, ४५, ३९. निळ्या एकूण १२. सरासरी ४१, म्हणून मिलीला ४.१ लाख धरून ७ मिलीसाठी ८५४ मायक्रोलिटर सस्पेन्शन घेतलं. ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच वेल गच्च. शिवाय पहिले कॉलम दाट, शेवटचे विरळ.

खानापूरकर:
ट्रिपॅन ब्लूचा २ राहिला की! निम्मं निम्मं मिसळलं म्हणजे मूळ सस्पेन्शन दुप्पट दाट. कोपऱ्याचा चौकोन १ × १ मिमी, खोली ०.१ मिमी, म्हणजे ०.१ मायक्रोलिटर, म्हणून गुणिले १०,०००.

४१ × २ × १०,००० = मिलीला ८.२ लाख
हवं ते: मिलीला ५०,०००
५०,००० × ७ ÷ ८,२०,००० = ०.४२७ मिली

म्हणजे सस्पेन्शन ४२७ मायक्रोलिटर, मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव) ६.५७३ मिली. १७६ पैकी १६४ जिवंत, ९३ टक्के. पेशींना दोष नाही. रेषेवरच्या पेशी वरच्या आणि डाव्या बाजूच्याच धरा, चारी बाजूंच्या धरल्या तर आकडा फुगतो. आणि रंग घातल्यावर ३ ते ५ मिनिटांत मोजून मोकळे व्हा, नंतर जिवंत पेशीही निळ्या पडायला लागतात.

निपाणीची_पिपेट:
दाट-विरळचं कारण वेगळं. पेशी ट्यूबच्या तळाला बसायल्यात आणि तुम्ही तळातूनच ओढताय. दर कॉलमआधी ट्यूब दोन-तीनदा हळू उलटीसुलटी करा, फेस येऊ देऊ नका. प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. भरल्यावर १५-२० मिनिटं टेबलावर सपाट ठेवा, मगच इन्क्युबेटरमध्ये. कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) घाला, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी आटलं की मार आधी त्यांनाच बसतो. उरलेल्या ६० वेलना ६ मिली लागतं, तुमचं ७ बरोबर. हा काही आपला बेळगावी कुंदा (मिठाई) नव्हे, रंग बघून उतरवायला.

मार्कंडेय_काठ:
२ चंच सगळं झालं तर. नंतर औषध १०० मायक्रोलिटर घालायचंय, वेलमागचा आकडा बदलतो का?

खानापूरकर:
नाही, पेशी तेवढ्याच राहतात. औषध मात्र दुप्पट तीव्रतेचं करून घ्या, वेलमध्ये निम्मं होतंय.