पुन्हा पुन्हा पडत असताना विश्वासात टिकून कसे राहायचे?

प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. हा प्रश्न मी बरेच महिने मनात ठेवला आहे आणि मंडळीत कोणाला विचारण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्याआधी मला दारूचे व्यसन होते. बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच ते सुटले आणि त्याची साक्ष मी मंडळीत अनेकदा दिली आहे. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ दीर्घ आजाराने वारला. त्याच्यासाठी आम्ही अकरा महिने प्रार्थना केली होती. अंत्यविधीच्या दिवशी एका ज्येष्ठ विश्वासणाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, देव आपल्या शक्तीपलीकडचे ओझे कधीच देत नाही. त्यांचा हेतू चांगला होता हे मला कळते; पण माझी शक्ती तर केव्हाच संपली होती, त्यामुळे त्या वाक्यातून माझ्या कानांवर एवढेच आले की उणीव माझ्यातच आहे.

त्यानंतर मी तीनदा प्यायलो. तिन्ही वेळा रात्री, घरात कोणी नसताना. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तीनदा दात घासून मी उपासनेला गेलो आणि मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना चालवली. शब्द बरोबर येत होते, लोक ‘आमेन’ म्हणत होते आणि मला मात्र आपण बंद दाराशी बोलत आहोत असे वाटत होते.

‘जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तारला जाईल’ हे प्रभूचे वचन पूर्वी मला बळ देत असे. आता त्याची भीती वाटते. माझ्याजवळ जे आहे त्याला विश्वास म्हणता येईल का? आणि टिकून राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर १

बंधू, तुमच्या भावाच्या जाण्याचे वाचून फार वाईट वाटले. आधी त्या वाक्याविषयी लिहितो, कारण ते तसे शास्त्रात कुठेही नाही. ज्या वचनावरून ते तयार झाले आहे ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातले तेरावे वचन. तेथे प्रेषित पौल मूर्तिपूजा, व्यभिचार आणि कुरकुर यांच्या मोहाविषयी बोलत आहे आणि देव त्या मोहाबरोबर निसटण्याची वाटही ठेवतो असे सांगत आहे. दुःखाच्या ओझ्याविषयी तोच पौल त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तेही पहिल्याच अध्यायात, वेगळे सांगतो: आशियात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. ज्याने मंडळ्या उभ्या केल्या त्या प्रेषिताची ही कबुली आहे. तुमची शक्ती संपली, यात तुमचा काही अपराध नाही.

‘पेइरास्मोस’ या ग्रीक शब्दात परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत आणि तुमच्या बाबतीत ते दोन्ही एकाच रात्री समोर आले. भावाचा मृत्यू ही परीक्षा. त्या दुःखाला झोपवण्यासाठी पुढे आलेली बाटली हा मोह. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आरंभी परीक्षेत टिकण्याविषयी लिहिले आणि तेराव्या वचनात देव कोणालाही मोहात पाडत नाही असे ठामपणे सांगितले. म्हणून भावाविषयी देवाला जाब विचारायची तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे, स्तोत्रकर्त्यांनी ते किती वेळा केले आहे. बाटलीची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्याविषयी कबुलीच द्यावी लागेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मी नेहमी प्रभूचा शिष्य पेत्र याच्याकडे जातो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू त्याला म्हणतो की सैतानाने ‘तुम्हाला’ गव्हासारखे चाळायला मागितले आहे, परंतु मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली आहे. चाळले जाणार होते सगळेच शिष्य आणि प्रार्थना झाली ती एकाचे नाव घेऊन. ती विनंती कशासाठी होती तेही पाहा. पेत्र पडू नये असे प्रभूने मागितले नाही. उलट लगेच पुढे, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याने मागितले ते एवढेच की तुझा विश्वास ढळू नये. म्हणजे पेत्राचे पतन आणि पेत्राचा विश्वास संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रभूला आधीपासून माहीत होते. पुढचे शब्द तर त्याहून मोठे आहेत: ‘तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर.’ वळलास ‘तर’ नव्हे, वळलास ‘म्हणजे’.

योहानाने एक बारीक गोष्ट टिपून ठेवली आहे. पेत्राने नाकारले तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी प्रभूने न्याहारी मांडली तीही कोळशांच्या विस्तवावर, आणि या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी आला आहे. तोच धूर, तोच वास नाकात भरला असताना त्याला तीनदा विचारले गेले: ‘तू माझ्यावर प्रेम करतोस काय?’ प्रभूने त्याला त्या रात्रीच्या आठवणीपासून लांब नेले नाही. तिच्याजवळ नेऊन बसवले आणि खायला दिले. तुमच्या रविवार सकाळच्या आठवणीजवळही तो असाच येईल, असे मला मनापासून वाटते.

ज्याला आपण टिकून राहणे किंवा धीर म्हणतो त्यासाठी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ‘हुपोमोने’ हा शब्द आहे. फोड केली तर ‘खाली राहणे’, म्हणजे भार असताना तेथून पळून न जाणे. तुम्ही हा प्रश्न येथे लिहिलात, म्हणजे तुम्ही पळून गेलेला नाहीत.

उत्तर २

दादा, वरच्या बंधूंनी शास्त्रातून पुष्कळ समजावले आहे, म्हणून मी फक्त त्या बंद दाराविषयी लिहिते. माझ्या आईच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तिची शुश्रूषा केली. त्या काळात माझी प्रार्थना जवळजवळ आटून गेली होती. रात्री तिची कूस बदलून झाली की मी पलंगाच्या कडेला बसत असे आणि ‘प्रभू’ म्हटल्यावर पुढे शब्दच सुचत नसे. आधी मला त्याची लाज वाटायची. मग एका रात्री अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र समोर आले. ते शेवटपर्यंत वाचा. त्यात सुटका नाही, उजेड नाही, शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, याचा अर्थ अशी प्रार्थना देवाला चालते. त्यानंतर मी स्वतःचे शब्द शोधणे सोडून दिले आणि रोज एक स्तोत्र हळू आवाजात वाचू लागले, मन लागो वा न लागो. तेराव्या स्तोत्रातले ‘किती वेळ?’ हे तर पहिल्या दोनच वचनांत चारदा येते, आणि मला तेवढेच म्हणायचे असायचे.

हे केवळ आपल्यालाच होते असे समजू नका. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने भर दुपारी मनाला घेरणाऱ्या उदासीनतेचे वर्णन करून ठेवले आहे: संन्यासी पुन्हा पुन्हा खोलीबाहेर डोकावतो, सूर्य किती सरकला ते पाहतो, जागेला विटतो आणि बंधूंमध्ये आता प्रेम उरले नाही असे मानू लागतो. त्याचा उपाय अगदी साधा होता, की खोली सोडू नये. मला तो उपाय त्या पलंगाच्या कडेवर कळला.

आणखी एक गोष्ट. संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला. त्याने खाल्ले, पुन्हा झोपला, आणि देवदूताने पुन्हा उठवून खायला लावले. दादा, अकरा महिने जागरणे केलेल्या माणसाला झोप हवी असते. ती नीट लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा. त्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

उत्तर ३

मी स्वतः एकोणीस वर्षे दारूपासून दूर आहे, म्हणून थोडे कठोर वाटले तरी लिहितो. कृपेविषयी वर लिहिलेले सर्व खरे आहे. पण तुमच्या प्रश्नातला जो शब्द मला सर्वांत धोक्याचा वाटला तो ‘तीनदा’ नाही, ‘घरात कोणी नसताना’ हा आहे. आपल्यासारख्या माणसाला बाटलीइतकाच एकांतही मारतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून एकमेकांना दररोज बोध करा, असे सांगितले आहे. दररोज, म्हणजे रविवार ते रविवार हे अंतरही लेखकाला फार वाटले. याकोब तर आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा असेच सांगतो. तेव्हा आज एका माणसाला सांगा, सगळ्या मंडळीला नव्हे. ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि जो रात्री अकरा वाजता फोन उचलेल असा एक जण निवडा, आणि इच्छा झाली की पिण्याआधी त्याला फोन करायचा, प्यायल्यानंतर नव्हे, एवढे ठरवून घ्या. घरात बाटली असेल तर ती आजच रिकामी करा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही व्यसनमुक्तीची संघटना १९३५ मध्ये सुरू झाली ती एक व्यसनी दुसऱ्याशी बोलत बसल्यामुळेच; तिच्या सभांना जाण्यात कमीपणा मानू नका. मी अजूनही जातो.

मध्यस्थीची प्रार्थना काही काळ दुसऱ्याला चालवू द्या. ही शिक्षा नव्हे. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती लोक भीतीने वाकले, काहींनी तर बळी न देताच पैसे देऊन बळी दिल्याचा दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत परत आले आणि मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला. रोमच्या मंडळीतील पुढारी नोव्हेशियनने त्यांना दार बंद केले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मात्र दोन्ही टोके टाळली: घाईने सर्व माफ करायचे नाही आणि कायमचे बाहेरही ठेवायचे नाही, पश्चात्तापाला वेळ द्यायचा आणि मग सहभागितेत परत घ्यायचे. मंडळीने नोव्हेशियनची वाट धरली असती, तर तुमच्यामाझ्यासारख्यांना आत जागाच उरली नसती.

प्रश्नकर्त्याकडून

तिघांचेही मनापासून आभार. ‘तुम्हाला’ आणि ‘तुझ्यासाठी’ हा फरक मी नऊ वर्षांत कधी पाहिला नव्हता. ते वचन मी कागदावर लिहून खिशात ठेवले आहे. ताई, तेरावे स्तोत्र दोन रात्री मोठ्याने वाचले. दुसऱ्या रात्री भावाचे नाव घेऊन रडलो, अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

काल आमच्या पाळकांना भेटलो. दाराशी पोहोचून एकदा परत फिरलो होतो, हेही सांगतो. त्यांनी सर्व ऐकून घेतले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग स्वतःचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. तो माझ्याकडे आधीपासूनच होता, तरीही त्यांनी पुन्हा लिहून दिला. एक शंका मात्र उरली आहे. या स्थितीत प्रभूभोजनात भाग घ्यावा की नाही?

उत्तर १ देणाऱ्याकडून

या बाबतीत तुमच्या पाळकांचा शब्द प्रमाण माना, कारण मंडळ्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत. मला एवढे म्हणता येईल की पौलाने ‘माणसाने स्वतःची परीक्षा करावी’ असे लिहिल्यावर पुढचे शब्द ‘आणि मग त्या भाकरीतून खावे’ असे आहेत. परीक्षा करून दूर राहावे, असे त्याने लिहिलेले नाही.

प्रश्नकर्त्याकडून

विचारले. येत्या रविवारी मी मेजाजवळ जाणार आहे. मध्यस्थीची प्रार्थना दुसरे एक बंधू चालवतील. प्रार्थनेत तुमच्या घरच्यांचे नाव घेऊ का, असे त्यांनी मला विचारले. मी घ्या म्हणालो, आणि माझेही घ्या.